शेर्फबेकचे चेहरे : पुसलेले की घडवलेले?

खडूधूळ

हेलेने शेर्फबेक (१८६२–१९४६) या फिनिश चित्रकर्तीबद्दल कुठेही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली. चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, जन्मभर लंगडली. लग्न ठरलं ते मोडलं. म्हाताऱ्या आईला घेऊन लहानशा गावात राहिली. पन्नाशीनंतर ज्याच्यावर जीव जडला त्याने दुसरीशी लग्न केलं. आणि म्हणून तिची शेवटची स्वचित्रं कवटीसारखी दिसतात.

मला तो 'आणि म्हणून' खटकतो.

दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. पहिलं १८८४-८५ चं स्वचित्र, ५० × ४१ सेंमी. गाल भरलेले, नजर सरळ, रंगकाम पॅरिसमध्ये शिकलेल्या मुलीला शोभेल असं. दुसरं १९४४ चं 'लाल ठिपक्याचं स्वचित्र', ४५ × ३७ सेंमी. डोकं कवटीच्या आकारापर्यंत आलेलं, तोंड उघडं, खालच्या ओठावर एक लाल ठिपका. साठ वर्षांत कॅनव्हासचं माप जवळपास तेच राहिलं, आतलं सगळं बदललं.

हातून निसटत गेलं म्हणून चेहरा असा झाला, की तिने एकेक गोष्ट काढून टाकली म्हणून? रंगाच्या पृष्ठभागावरून याचं उत्तर देता येतं का? जीवनकहाणी सगळ्यांना पाठ आहे, ती नको. चित्रात काय दिसतं ते बोलूया.

अनुस्वार

आधी नावाचा निकाल लावूया. सुरुवातीला एस-सी-एच-जे अशी चार अक्षरं आणि मिळून उच्चार एकच, 'श'. कुटुंब फिनलंडमधलं स्वीडिश बोलणारं. बारशाचं नाव हेलेना सोफिया. पत्रंही सगळी स्वीडिशमधली.

वाचनमात्र

चार अक्षरं काढून एक ठेवलं, म्हणजे काढून टाकायची सवय घराण्यातच होती तर.

पोथीवाला

@वाचनमात्र :))

@खडूधूळ, जीवनकहाणी नको म्हणालात, पण त्यातला एक भाग धाग्याला लागणारच. तो म्हणजे शिक्षण. 'हातून निसटलं' म्हणणाऱ्यांनी आधी हातात काय होतं ते बघावं.

हाड मोडल्यामुळे शाळा नाही, घरीच शिकवणी. शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिची चित्रं आडोल्फ फॉन बेकर या चित्रकाराला दाखवली आणि ११ व्या वर्षी, १८७३ मध्ये, फिनिश आर्ट सोसायटीच्या रेखन-शाळेत प्रवेश मिळाला. तिथे रेखनच रेखन. १८७६ मध्ये वडील क्षयाने गेले. मग फॉन बेकरच्या खासगी वर्गात फ्रेंच पद्धतीचं तैलरंगकाम. १८८० मध्ये 'बर्फातला जखमी सैनिक' हे १८०८-०९ च्या स्वीडन-रशिया युद्धातलं दृश्य रंगवलं, तेव्हा ती १८ वर्षांची होती. ते सोसायटीने विकत घेतलं आणि सरकारी प्रवासवृत्तीवर ती पॅरिसला गेली.

सरकारी कला-महाविद्यालयाची दारं मुलींना बंद. ती १८९७ मध्ये उघडली. म्हणून आधी मादाम त्रेला द व्हिनीचा मुलींचा स्टुडिओ, मग अकादमी कोलारोसी. पाठोपाठ फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं पाँ-ताव्हेन आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज. 'टोयपिलास' म्हणजे 'आजारातून उठणारं मूल' सेंट आइव्ह्जमध्ये १८८८ ला झालं. ९२ × १०७ सेंमी, म्हणजे तिच्या मानाने दांडगं. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं.

मूल वेताच्या खुर्चीत चादरीत गुंडाळून बसलंय, हातात कळ्या फुटलेली काटकी, काटकी एका मगात. केस विस्कटलेले, कानाचा लालपणासुद्धा सुटलेला नाही. हे ज्याला जमतं त्याला चेहरा 'जमत नव्हता' म्हणून पुसट झाला, असं म्हणता येत नाही.

मोगरा_९

अमृता शेर-गिलची आठवण आली. दोघींच्या नावात 'शेर' आहेच.

पोथीवाला

नावातलं सोडा, पण एक दुवा खरा आहे. शेर्फबेकला १८८० मध्ये जो दरवाजा बंद होता, पॅरिसच्या त्याच कला-महाविद्यालयात अमृता १९३० मध्ये रीतसर विद्यार्थिनी होती. मध्ये ५० वर्षं. चित्रांत मात्र साम्य शोधू नका, हाती काही लागणार नाही.

तैलबुद्धी

मूळ प्रश्नाकडे येतो.

शेर्फबेकच्या १९०५ नंतरच्या चित्रांत रंग 'लावलेला' कमी आणि 'उरलेला' जास्त दिसतो. पातळ थर, तो खरवडलेला किंवा पुसलेला, कापडाची वीण उघडी, वर पुन्हा पातळ रंग, कोळशाची रेघ तशीच ठेवलेली. एकाच चित्रात तैलरंग, टेम्परा (अंड्यात कालवलेला रंग), कोळसा, जलरंग, पेस्टल यांतलं दोन-तीन काहीतरी सापडतं. १९१५ च्या एका कागदावरच्या स्वचित्रात तर जलरंग आणि कोळशाबरोबर चांदीचा वर्ख आहे.

खरवडलं की काय होतं ते समजून घ्या. कॅनव्हासची वीण म्हणजे डोंगर आणि दऱ्या. पॅलेट नाइफ (रंग कालवायची बोथट सुरी) आडवी फिरवली की डोंगरमाथ्यावरचा रंग जातो, दरीतला राहतो. उरतो तो बारीक ठिपक्यांचा रंग, आणि त्यातून खालचं अस्तर, म्हणजे कापडावर रंगाआधी दिलेला थर, सगळीकडून सारखं डोकावतं. म्हणून तिचे गाल, कपाळ, भिंत एकाच हवेत असल्यासारखे वाटतात. ब्रशने कितीही पातळ लावा, तो परिणाम येत नाही, कारण ब्रशचा रंग डोंगर-दरी दोन्हींवर बसतो.

म्हणजे आधी रंग पुरेसा लावावा लागतो, मगच काढता येतो. थकलेल्या माणसाचा हा उद्योग नव्हे. दुप्पट काम आहे.

आक्रमक_ब्रश

असहमत. तंत्राचं सगळं मान्य, पण त्यावरून हेतू सिद्ध होत नाही. ८२ वर्षांची बाई, तब्येत खालावलेली, युद्धामुळे एका जागेहून दुसरीकडे हलवलेली, १९४४ मध्ये स्वीडनमधल्या साल्टशेबाडनच्या हॉटेलात राहायला आलेली. तिथे मॉडेल नाही, मोठा कॅनव्हास नाही, आहे फक्त आरसा. चित्रं लहान आणि उणी होण्यात परिस्थितीचा वाटा नाही म्हणणं म्हणजे उलटी भक्ती.

आणि १९२१ चं 'अपूर्ण स्वचित्र', फिनलंडमधल्या रीहिमाकीच्या संग्रहातलं? त्यावर चक्क ओरखडे आहेत. तिचा जीव ज्याच्यावर जडला त्या आयनार रॉयटरचा १९१९ मध्ये दुसरीशी साखरपुडा झाला. यात जीवनकहाणी नाही म्हणता?

पोथीवाला

वाचणाऱ्यांसाठी: आयनार रॉयटर हा व्यवसायाने वनाधिकारी, हौशी चित्रकार आणि तिच्या चित्रांचा चाहता. 'एच. आहतेला' या टोपणनावाने तिचं पहिलं चरित्र त्यानेच १९१७ मध्ये लिहिलं. १९१८ चं 'खलाशी' म्हणजे तोच. साखरपुड्यानंतर संबंध संपले असं अनेकांना वाटतं. ते चूक. दोघांमधली पत्रं हजाराच्या वर आहेत आणि पत्रव्यवहार तिच्या शेवटापर्यंत चालू होता.

तैलबुद्धी

@आक्रमक_ब्रश, १९२१ च्या चित्रात राग नाही असं मी म्हणणार नाही. पण ओरखडा आणि खरवड यांत फरक करा. ओरखडा टोकाने होतो, रेघ पडते, रंगाच्या दोन्ही कडा उचलल्या जातात. खरवड पात्याच्या सपाट कडेने होते, पट्टा निघतो, कडा उरत नाही. १९२१ मध्ये ओरखडे आहेत. १९१५ च्या 'काळ्या पार्श्वभूमीच्या स्वचित्रा'त आणि पुढच्या कितीतरी चित्रांत खरवड आहे. पहिल्याला हवं तर भावना म्हणा. दुसरी सवय आहे, आणि ती सवय साखरपुड्याच्या कितीतरी आधीची.

खडूधूळ

हे फार उपयोगी. १९१५ च्या त्या चित्राबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

उत्तररंग

लिहिते. फिनिश आर्ट सोसायटीला आपल्या बैठकीच्या खोलीसाठी कलावंतांची स्वचित्रं हवी होती. १९१४ मध्ये नऊ जणांना सांगितलं, त्यात ही एकटी बाई. चित्र ४५.५ × ३६ सेंमी, आता हेलसिंकीच्या आतेनेउम कलासंग्रहालयात.

हनुवटी किंचित वर, नजर आपल्यावरून पलीकडे. गालावर गुलाबी रंगाचा जवळजवळ गोल डाग, पावडर-लाली लावल्यासारखा. मागे काळं, आणि त्या काळ्यात लाल भांडं, त्यात ब्रश. वरच्या बाजूला तिच्या नावाची अक्षरं दगडात कोरल्यासारखी, अर्धी बुडालेली. थडग्याचा दगड म्हणून त्याकडे बोट दाखवलं जातं, ते ठीक. पण मला त्यातली व्यवहारी गंमत दिसते. आठ पुरुषांच्या रांगेत चित्र टांगणार, तर नाव कोपऱ्यात कशाला, डोक्याशीच असू दे.

अख्ख्या चित्रात झणझणीत लाल एकाच ठिकाणी आहे, भांड्यावर. चेहऱ्यावर नाही. हे लक्षात ठेवा, १९४४ ला उपयोगी पडेल.

सरसावलेला

कुणाला हा पृष्ठभाग स्वतः करून बघायचा असेल तर एक रीत देतो. ही तिची कृती म्हणून खपवू नका. तसा परिणाम मिळवायची स्टुडिओतली पद्धत आहे.

अस्तर शोषून घेणारं हवं. बाजारातला अॅक्रिलिक गेसो, म्हणजे तयार अस्तर, प्लास्टिकचा. त्यावर तैलरंग वर तरंगतो, खरवडला की सालीसारखा निघतो. सरस आणि खडूचं अस्तर करा. १ लिटर पाण्यात ७० ग्रॅम सरस रात्रभर भिजत घालायचा, सकाळी दुहेरी भांड्यात गरम करायचा. उकळू द्यायचा नाही. ६० अंशांच्या वर गेला की चिकटपणा जातो आणि पुढे अस्तर भुकटीसारखं सुटतं. मग बारीक चाळलेली खडूची भुकटी हळूहळू सोडायची, दुधावरच्या पातळ सायीइतकं दाट होईपर्यंत. फेटायचं नाही. फेटलं की बुडबुडे, आणि वाळल्यावर प्रत्येक बुडबुड्याचं एक भोक.

पहिला हात नुसत्या सरसाचा. मग खडूचे चार ते सहा हात, एक आडवा तर पुढचा उभा. ताणलेल्या कॅनव्हासवर हे अस्तर जाड झालं की तडकतं, म्हणून फळीवर पातळ कापड चिकटवून त्यावर करा. वीणही मिळते, तडाही जात नाही. फळीच्या मागच्या बाजूलाही दोन हात द्या, नाहीतर ती द्रोणासारखी वळते.

रंगातलं जास्तीचं तेल टिपकागदावर तासभर सोडून काढा, मग टर्पेंटाइनने पातळ करा. जवसाचं तेल वरून घालू नका. अस्तर तेल पितं, रंग मॅट म्हणजे बिनचमकीचा होतो, तोच हवाय.

वाचनमात्र

सरसावलेला हे सरसाबद्दल लिहिणार, हे नावातच होतं. आणि हा प्रतिसाद वाचून बासुंदी करायला घेतली.

तैलबुद्धी

@सरसावलेला, नेमकं. खरवडायच्या वेळेचं मी जोडतो, कारण सगळा खेळ तिथेच बिघडतो.

शोषणाऱ्या अस्तरावर लावलेला पातळ रंग दोन-तीन तासांत चिकट होतो. त्या वेळी खरवडलं तर माथ्यावरचा जातो, दरीतला छान राहतो. त्याच्या आधी खरवडाल तर रंग सरकून चिखल होतो. दोन-तीन दिवसांनी घ्याल तर वर कातडी धरलेली असते, ती फाटून तुकडे निघतात. महिन्यानंतर निघते ती धूळ. सफेदा शिशाचा असेल तर ती धूळ विषारी, म्हणून टायटॅनियम सफेदा वापरा आणि कोरडं कधी घासू नका.

कोळसा वरून ओढायचा तर खालचा रंग मॅट आणि वाळलेला हवा. चकचकीत तैलरंगावर कोळसा घसरतो, पकडत नाही. ओढल्यावर फिक्सेटिव्हचे (कोळसा धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन हलके फवारे, हातभर लांबून. जवळून मारलात तर थेंब जमतात आणि रेघ वितळून ओघळते.

मोगरा_९

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे टिकेल का?

सरसावलेला

जून ते सप्टेंबर करू नका. सरस हवेतलं पाणी ओढतो, अस्तर फुगतं-आकसतं, मागून बुरशी येते. आधी केलेलं असेल तर भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून टांगा, मागे हवा खेळली पाहिजे. सरसात लवंगाच्या तेलाचे दोन-चार थेंब चालतात. जास्त नको, त्याने तैलरंग वाळायला उशीर होतो.

आक्रमक_ब्रश

धागा चित्रकर्तीवरून सरसाच्या भांड्यात गेला. माझा परिस्थितीचा मुद्दा अजून उभा आहे.

पोथीवाला

परिस्थितीच घ्या मग. 'एकटी, जगापासून तुटलेली' हे चित्र तपासून बघण्यासारखं आहे.

१९०२ मध्ये तिने आतेनेउमच्या शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडली आणि आईसह ह्यूविंका या लहान गावी गेली. तिथे १९२५ पर्यंत. आई १९२३ मध्ये गेली. ह्यूविंका म्हणजे आडरान नव्हे. हेलसिंकी–हामेनलिना हा फिनलंडचा पहिला लोहमार्ग १८६२ मध्ये, तिच्या जन्मसालीच, तिथून गेला. पुस्तकं, मासिकं, चित्रांच्या छापील प्रती टपालाने येत. ती फ्रेंच फॅशन मासिकं वाचायची, आणि तिच्या कितीतरी चित्रांतले कपडे, टोप्या, माना वळवायच्या ढबी तिथल्या आहेत. एल ग्रेको या जुन्या चित्रकाराची चित्रं तिने छापील प्रतींवरून पुन्हा रंगवली. मूळचे रंग समोर नसल्यामुळे रंग तिचे स्वतःचे.

त्याआधीचंही सांगतो. १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग, १८९४ मध्ये व्हिएन्ना आणि फ्लोरेन्स. आर्ट सोसायटीसाठी जुन्या चित्रांच्या नकला करायचं काम होतं. वेलास्केस, होल्बाइन, फ्रा आंजेलिको. फ्रा आंजेलिकोची भित्तिचित्रं ओल्या गिलाव्यावरची, कोरडी, खडूसारखी, बिनचमकीची. ती हातांनी उतरवून काढलेल्या बाईला पुढे तेलाची चमक नकोशी झाली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

उत्तररंग

+१. नकलेचा मुद्दा निसटतो नेहमी. नक्कल करताना पृष्ठभाग कसा झालाय हे शोधावंच लागतं.

आणि तिने स्वतःच्याही नकला केल्या. १९१३ पासून योस्टा स्टेनमन हा चित्रविक्रेता तिच्या मागे होता. पहिलं एकल प्रदर्शन १९१७ मध्ये हेलसिंकीत त्यानेच भरवलं. पुढे १९३८ मध्ये दरमहा पगाराचा करार केला आणि जुने विषय पुन्हा करायला सुचवलं. 'नाचाचे बूट' घ्या. १८८२ चं मूळ, मुलगी वाकून बूट बांधतेय, सगळं सविस्तर. १९३८ च्या सुमारास तोच विषय शिळाछापात आणि नंतर रंगात: खुर्ची गेली, खोली गेली, उरली फक्त लांब पायांची वळणदार रेघ. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या लिलावात ३० लाख पौंडांच्या वर गेलं. बाजाराला अजूनही खुर्चीसकट मुलगी आवडते.

आक्रमक_ब्रश

हा मुद्दा मात्र लागला. मॉडेल समोर नाही, मॉडेल म्हणजे स्वतःचंच जुनं चित्र. मग गाळणं हे आठवणीचं निसटणं नाही, निवड आहे. पण स्वचित्रांत? तिथे आरसा होता. आणि शेवटच्या सहा-सात वर्षांत वीसच्या आसपास स्वचित्रं, सगळी मिळून चाळीसच्या घरात. म्हणजे निम्मी शेवटी. एवढी घाई का?

तैलबुद्धी

घाईचं मला सांगता येणार नाही, पृष्ठभागाचं सांगतो. त्याच वर्षी, १९४४ मध्ये, तिने 'काळी पडणारी सफरचंदं' रंगवलं. दिद्रिक्सेन संग्रहालयात आहे, १९३९ चं 'काळ्या तोंडाचं स्वचित्र'ही तिथेच. त्या सफरचंदांत गोलाईची छटा फारशी नाही. प्रत्येक फळाला कडा दिली आहे, कडेच्या आत एक-दोन रंग. सडका भाग मऊ पुसून केलेला नाही, सपाट गडद रंग ठेवून केलाय, ताज्या भागाइतक्याच ठामपणे. हात थरथरत असता तर आधी कडा गेल्या असत्या. कडा शाबूत आहेत.

आता 'लाल ठिपका' बघा. सगळा चेहरा पातळ, राखाडी-हिरवट, खरवडलेला. एकच ठिकाण असं की जिथे रंग काढलेला नाही, ठेवलाय: ओठावरचा लाल.

उत्तररंग

१९१५ चं लाल भांडं!

तैलबुद्धी

तेच. तेव्हा लाल चेहऱ्याबाहेर होतं, ब्रशांपाशी. २९ वर्षांनी ते ओठावर आलं. चित्रात लाल किती असावं याचा हिशेब दोन्ही वेळेला सारखाच काटेकोर.

आक्रमक_ब्रश

मी 'परिस्थितीचा वाटा आहे' यावर ठाम. पण 'निसटत गेलं' हा शब्द मागे घेतो. मॉडेल आणि मोठा कॅनव्हास गेला तो परिस्थितीने, चेहरा उणा झाला तो तिने केला. खडूधूळ, चालेल?

खडूधूळ

चालेल. ज्यांना जवळून बघायचंय त्यांच्यासाठी: फिनिश नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर आतेनेउममधली तिची चित्रं मोठ्या आकारात फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर उघडा, मोबाइलवर वीण दिसत नाही.

अनुस्वार

आणि १० जुलै, म्हणजे तिचा वाढदिवस, फिनलंडमध्ये चित्रकलेचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी धागा वर काढा कुणीतरी.

मोगरा_९

फळी नाही मिळाली, ताणलेल्या कॅनव्हासवरच खरवडायचं तर?

सरसावलेला

अस्तर पातळ ठेवा, दोन हातांपुरतं. आणि कॅनव्हासच्या मागे चौकटीच्या आत पुठ्ठा बसवा. नाहीतर पातं चौकटीच्या पट्टीवर आपटतं आणि चित्रात सरळ रेघ उमटते, ती पुढे जन्मभर जात नाही.

मोगरा_९

खोक्याचा पुठ्ठा चालेल?

सरसावलेला

खोक्याचा नको, तो पन्हळी असतो. एकेक पन्हळ चित्रात उतरेल. वहीच्या पाठीचा सपाट घ्या, दोन एकावर एक.